कडी, कॅमेरा आणि जबाब: कोथरूडकरांसाठी

कोथरूड म्हणजे पुण्यातलं पेन्शनर, मास्तर आणि बँकेतल्या लोकांचं उपनगर. दुपारी एक ते चार गल्ल्यांत चिटपाखरू नसायचं आणि त्या सामसुमीची कुणाला भीती वाटायची नाही. आता तीच सामसूम चोराच्या पथ्यावर पडते आहे. ५ जानेवारी २०२४ ला सुतारदऱ्यात भरदुपारी गुंड शरद मोहोळवर गोळ्या झाडून त्याचा खून झाला. त्याच्या सहा महिने आधी, १८ जुलै २०२३ च्या पहाटे, गस्तीवरच्या बीट मार्शलनी कोथरूडमध्ये दुचाकी चोरणाऱ्यांना हटकलं आणि चौकशीत त्यातले दोघे एनआयएला (राष्ट्रीय तपास संस्थेला) हवे असलेले दहशतवादी संशयित निघाले. तेव्हापासून सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोयता, टोळी आणि गोळीबार याशिवाय दुसरा विषय निघत नाही.

भीती खरी आहे, पण ती भलतीकडेच खर्च होते आहे. टोळ्यांचं वैर बहुतेक वेळा आपापसांत असतं. सामान्य माणसाला झळ बसते ती चार ठिकाणी: बंद फ्लॅट, गळ्यातलं सोनं, खाली उभी केलेली दुचाकी आणि रस्त्यावरच्या गाडीची काच. यातलं बरंचसं नुकसान टाळता येतं आणि टाळण्याचा खर्चही फार नसतो. जे टळत नाही त्याची पोलिसांत नीट नोंद व्हावी लागते. गस्त कुठे वाढवायची, चौकीवर माणसं किती द्यायची हे नोंदींवरून ठरतं. ग्रुपवरचे दोनशे मेसेज कुठल्याही रजिस्टरला लागत नाहीत.

सुरुवात बांधकामाभोवतीच्या पत्र्यांपासून करायला हवी, कारण त्यांच्याकडे कुणी गुन्ह्याच्या अंगाने बघतच नाही. मयूर कॉलनी, डहाणूकर कॉलनी, आयडियल कॉलनी, जिकडे बघावं तिकडे पुनर्विकास चालू आहे. तीन मजली सोसायटी रिकामी झाली की काय होतं? गॅलरीत बसणारे आजोबा जातात, फाटकावरचा दिवा जातो, रस्त्याकडे तोंड असलेला कॅमेरा निघतो आणि फुटपाथला लागून उंच पत्रे उभे राहतात. अशा दोन सोसायट्या समोरासमोर आल्या की शंभर-दीडशे फुटांची गल्ली दोन भिंतींमधला बोळ होते. तिथे कुणी हाक मारली तर ऐकायला वरती खिडकीच उरलेली नसते. लोक साइटवरच्या मजुरांवर संशय घेतात आणि ते मला अजिबात पटत नाही. त्या मजुराचं नाव-गाव ठेकेदाराच्या वहीत असतं. अडचण अंधाराची आणि रिकाम्या खिडक्यांची आहे.

त्यामुळे पुनर्विकासाला जाणाऱ्या सोसायटीने विकसन करारनाम्यातच तीन ओळी घालून घ्याव्यात. पत्र्यांच्या बाहेरच्या बाजूने दर दहा मीटरवर एक दिवा, बिल्डरच्या मीटरवर, सूर्यास्त ते सूर्योदय. रस्त्याकडे बघणारा एक कॅमेरा, पहिल्या दिवसापासून. रात्रपाळीचा रखवालदार फाटकाच्या बाहेर दिसेल असा, आत खोलीत झोपलेला नको. करारावर सह्या झाल्यावर हे मागितलं तर कुणी ऐकत नाही. महापालिकेचा दिवा बंद असेल तर पीएमसी केअर अॅपवर तक्रार करताना खांबावरचा क्रमांक द्या आणि प्रत्येक खांबाची तक्रार वेगळी करा. ‘पूर्ण गल्लीत अंधार आहे’ अशी एकच तक्रार केली की एक दिवा लागतो आणि तक्रार बंद होते. दिवा चालू असून झाडाच्या फांदीआड गेला असेल तर ते काम उद्यान विभागाचं. विद्युत विभागाकडे पाठवलेला अर्ज नुसता फिरत राहतो.

आता दार. कोथरूडच्या जुन्या फ्लॅटमधली घरफोडी बहुतेक वेळा एकाच पद्धतीने होते. एफआयआरमधली भाषाही ठरलेली असते: ‘कडी-कोयंडा उचकटून’. तो का उचकटतो ते दार जवळून बघितलं की कळतं. कोयंडा चार छोट्या स्क्रूंनी बाहेरून बसवलेला असतो. स्क्रू वीस-पंचवीस मिलिमीटरचे, दार वीस-तीस वर्षांचं, लाकडाची भोकं सैल झालेली. कटावणीचं टोक आत सरकवून एक जोर दिला की चारही स्क्रू भोकांतून निघून येतात. कुलूप कितीही महागाचं असलं तरी ते शाबूत राहतं आणि कोयंड्यासकट खाली पडतं. शिवाय बाहेर लटकणारं कुलूप जिन्यातून जाणाऱ्या प्रत्येकाला सांगतं की घरात कुणी नाही.

उपाय सुताराच्या एका दिवसाच्या कामाचा. कोयंडा ठेवायचाच असेल तर स्क्रू काढून ८ मिलिमीटरचे गोल डोक्याचे आरपार बोल्ट टाका आणि नट-वायसर घराच्या आतल्या बाजूने आवळा. त्याहून बरं म्हणजे दारात बसणारं मॉर्टाइज लॉक लावा. त्याचा बोल्ट चौकटीत किमान २० मिलिमीटर आत गेला पाहिजे. बोल्ट जिथे शिरतो त्या पट्टीचे स्क्रू मात्र स्वतः बघा. लॉकसोबत येणारे स्क्रू लहान असतात, त्यांच्या जागी ७५ मिलिमीटरचे लावायला सांगा, म्हणजे लाथ मारली तर जोर चौकटीच्या गाभ्यावर येतो. किल्लीचं सिलिंडर दाराच्या बाहेर पुढे आलेलं नको, नाहीतर ते पकडीत धरून मोडता येतं.

नुसतं लॅच असलेल्या घरांनी एक सवय बदलावी. दार ओढून घेतलं की लॅचची तिरकी जीभ फक्त स्प्रिंगच्या जोरावर चौकटीत बसते. लवचीक पातळ पट्टी फटीतून घालून ती मागे सारता येते. बाहेरून किल्ली फिरवून दुहेरी लॉक केलं तरच ती जीभ जागची हलत नाही. ‘खाली दुधाची पिशवी आणायला चाललोय’ म्हणून दार नुसतं ओढून घेणारी घरं चोराला नेमकी सापडतात.

बाहेरच्या कडीचा आणखी एक उपयोग चोराला होतो. फ्लॅट फोडण्याआधी तो त्याच मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या दाराच्या कड्या बाहेरून लावतो, म्हणजे आवाज ऐकला तरी कुणाला बाहेर येता येत नाही. दाराला आतलं लॉक बसलं की बाहेरचा आल्ड्रॉप (लांब दांड्याची कडी) काढूनच टाका. आगीच्या वेळीही त्याचा धोकाच असतो. संडासाच्या खिडकीची जाळी आणि तिच्याशेजारचा ड्रेनेजचा पाइप हा वरच्या मजल्यांचा रस्ता आहे. पाइपला काटेरी पट्टा लावण्यापेक्षा खिडकीची जाळी आतून बोल्टने पक्की करणं जास्त उपयोगी पडतं, कारण पाइपवर चढलेला माणूस दोन्ही हातांनी काम करू शकत नाही.

कॅमेऱ्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण सोसायट्यांचा सर्वांत जास्त पैसा इथे वाया जातो. फुटेज बघून ‘काहीतरी दिसतंय’ आणि ‘हा अमुक माणूस’ यांत फार अंतर आहे. अनोळखी माणूस ओळखता यायला त्या जागी चित्राच्या एका मीटर रुंदीत सुमारे २५० पिक्सेल लागतात. ओळखीचा माणूस ओळखायला १२५ पुरतात. ४ मेगापिक्सेल कॅमेऱ्याची रुंदी २५६० पिक्सेल, म्हणजे त्याला जास्तीत जास्त दहा मीटर रुंदीचा देखावा दाखवून चेहरा ओळखता येतो. सोसायट्यांत सर्रास २.८ मिलिमीटरची लेन्स लावतात, कारण तिच्यात ‘सगळं दिसतं’. तिचा कोन शंभर अंशांच्या आसपास असल्यामुळे देखाव्याची रुंदी चार मीटरवरच दहा मीटर होते. म्हणजे चेहरा ओळखण्याची हद्द चार मीटर! २ मेगापिक्सेलचा कॅमेरा असेल तर ती तीन मीटरवर येते. फाटकापासून पंधरा मीटर आत, पहिल्या मजल्याच्या स्लॅबला टांगलेल्या कॅमेऱ्यात चोर म्हणजे टोपी घातलेला ठिपका दिसतो.

म्हणून दोन वेगळ्या कामांना दोन वेगळे कॅमेरे लावा. एक रुंद, पार्किंग आणि आवार दाखवणारा. दुसरा फक्त फाटकाचा, ८ किंवा १२ मिलिमीटर लेन्सचा. ८ ची लेन्स तेरा-चौदा मीटरपर्यंत चेहरा देते, १२ ची वीस मीटरच्या पुढेही. फाटकाचा कॅमेरा सात-आठ फुटांवर हवा. बारा फुटांवरून फक्त डोकी दिसतात. दिवसा उन्हाकडे तोंड असेल तर चेहरा काळा पडतो, म्हणून पूर्व-पश्चिम बघून जागा ठरवा.

रात्री नंबर प्लेट न दिसण्याची कारणं ठरलेली आहेत. एक, हेडलाइटने चित्र पांढरं होतं. दोन, कॅमेऱ्याच्या स्वतःच्या इन्फ्रारेड दिव्याचा उजेड प्लेटवरून परत येतो आणि अक्षरं पुसली जातात. तीन, शटर मंद असल्याने चालती गाडी फरफटलेली दिसते. प्लेटसाठीच्या कॅमेऱ्याचं शटर सेकंदाच्या पाचशेव्या भागाच्या आसपास ठेवावं लागतं. मग बाकीचं चित्र काळं होतं आणि सभासद ओरडतात की कॅमेरा बिघडला. तो बिघडलेला नसतो, त्याचं काम तेवढंच आहे. ठेकेदाराचे शेवटचे पैसे देण्याआधी रात्री दहाला फाटकातून एक दुचाकी हेडलाइट लावून आत आणा आणि रेकॉर्डिंगमध्ये नंबर वाचून दाखवायला सांगा. लाइव्ह चित्र बघून समाधान मानू नका.

साठवण किती लागते याचा हिशोब सोपा आहे. एक कॅमेरा २ एमबीपीएसने (सेकंदाला २ मेगाबिट) रेकॉर्ड करत असेल तर दिवसाला साधारण २१ जीबी लागतात. आठ कॅमेरे म्हणजे १७० जीबीच्या वर, आणि २ टीबीची डिस्क जेमतेम दहा-अकरा दिवस पुरते. दिवाळीला पंधरा दिवस गावी गेलेलं कुटुंब परत येऊन घरफोडीची तक्रार देतं तेव्हा पहिले दिवस पुसले गेलेले असतात. आठ कॅमेऱ्यांना ६ टीबीच्या खाली जाऊ नका. रेकॉर्डर रखवालदाराच्या केबिनमध्ये ठेवू नका, चोर तो उचलून नेतो. कुलूपबंद मीटर रूममध्ये किंवा समितीच्या खोलीत ठेवा आणि सोबत छोटा यूपीएस लावा. कॅमेऱ्यासमोर कोळ्याने जाळं विणलं की रात्री इन्फ्रारेडच्या उजेडात पूर्ण चित्र पांढरं होतं. महिन्यातून एकदा केरसुणी फिरवणं हे देखभालीचं सगळ्यात स्वस्त काम, आणि बहुतेक ठिकाणी तेच होत नाही.

रेकॉर्डरचं घड्याळ तर कुणी बघतच नाही. पोलीस एका गुन्ह्यासाठी दहा-पंधरा ठिकाणचं फुटेज जोडत जातात: ही दुचाकी पौड रोडला या मिनिटाला, कोथरूड डेपोपाशी त्या मिनिटाला, पुढे चांदणी चौकाकडे. एका सोसायटीचं घड्याळ सतरा मिनिटं मागे असेल तर ही साखळी तुटते. महिन्याच्या एक तारखेला मोबाइलच्या वेळेशी ताडून बघा. घटना घडल्यावर फरक लक्षात आला तर घड्याळ लगेच दुरुस्त करू नका. किती मिनिटांचा फरक आहे त्याचा मोबाइलसह फोटो काढा आणि तो फरक लेखी द्या.

फुटेज देताना मोबाइलने स्क्रीनचं शूटिंग करून पाठवू नका. रेकॉर्डरमधून मूळ फाइल पेनड्राइव्हवर काढा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्याचा भाग ‘अ’ यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने, म्हणजे सोसायटीतर्फे अध्यक्ष किंवा सचिवाने भरायचा, भाग ‘ब’ तज्ज्ञाने. सही करायला घाबरू नका. ती न केल्यामुळे चांगलं फुटेज कोर्टात अडतं. आणि क्लिप ग्रुपवर फिरवू नका. आरोपी अल्पवयीन निघाला तर त्याची ओळख उघड करणं बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे गुन्हा आहे.

सोनसाखळी चोरांच्या वेळा सकाळच्या फिरण्याच्या आणि संध्याकाळच्या देवळाच्या. दोघे दुचाकीवर, मागचा हात टाकतो. रस्त्याच्या कडेने चालताना समोरून येणारी वाहनं दिसतील अशा बाजूने चाला, म्हणजे मागून येऊन झटका देणं अवघड होतं. पत्ता विचारायला कुणी दुचाकी थांबवली तर दोन पावलं मागे सरून बोला. ज्येष्ठांना फसवण्याची दुसरी रीत तोतया पोलिसांची: ‘आजी, पुढे चोरी झाली आहे, दागिने काढून रुमालात बांधा.’ घरी येऊन पुडी उघडली की आत खडे. खरा पोलीस रस्त्यात दागिने काढायला कधीही सांगत नाही. हे घरातल्या आई-आजींना मोठ्याने, पुन्हा पुन्हा सांगायला हवं. एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांचं नाव पोलीस ठाण्यातल्या यादीत घालून घ्या. मुलं परदेशात असतील तर किल्ली आणि फोन नंबर कुणाकडे आहे तेही तिथे लिहून ठेवा.

साखळी गेल्यावर लोक दुचाकीचा नंबर आठवत बसतात. ती दुचाकी बहुधा चोरीचीच असते. नंबरपेक्षा हेल्मेटचा रंग, मागच्याचे बूट, पाठीवरची सॅक, गाडी कुठल्या दिशेला वळली आणि मिनिटापर्यंत अचूक वेळ, या गोष्टी जास्त कामाच्या. कपडे माणूस पुढच्या गल्लीत बदलतो, बूट सहसा बदलत नाही. आधी ११२ ला फोन, नंतर घरच्यांना.

दुचाकीचोरी याच साखळीची पहिली कडी आहे. जुनी स्प्लेंडर गेली म्हणून तक्रार न देणारा माणूस नकळत पुढच्या हिसकावणीला वाहन पुरवतो. हँडल लॉक पायाच्या जोराने तुटतं, म्हणून पुढच्या चाकाला डिस्क लॉक किंवा जाड साखळी लावा. विम्याच्या दाव्याला दोन्ही किल्ल्या आणि एफआयआर लागतो, आणि गाडी सापडली नाही तर कोर्टाकडून ‘अ’ समरीही (गुन्हा खरा, पण तपास लागला नाही, असा शेरा) मागतात. दुसरी किल्ली कुठे आहे ते आजच बघून ठेवा.

गाड्यांची तोडफोड हे सगळ्यात चीड आणणारं प्रकरण. कोथरूडच्या कॉलन्यांना वाटतं हा आपल्यावरचा हल्ला आहे. पण पुण्यात फुटलेल्या काचा बघा, त्या किती वेळा वस्तीतल्या रिक्षांच्या आणि टेम्पोंच्या असतात! त्या माणसाची रोजची कमाई त्या काचेमागे असते आणि विमा बहुतेकदा फक्त थर्ड पार्टी, ज्यात तोडफोडीची भरपाई मिळत नाही. दहशत पहिल्यांदा त्याच्या दारात येते. म्हणून किष्किंधानगर, सुतारदरा, शास्त्रीनगर या कोथरूडच्या वस्त्यांतल्या लोकांना बाजूला ठेवून कॉलन्यांनी केलेली निवेदनं मला अर्धवट वाटतात. तक्रार एकत्र द्यायला हवी.

तोडफोडीनंतर गाडी हलवण्याआधी फोटो काढा आणि गॅरेजचं लेखी अंदाजपत्रक घ्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२४ मध्ये नुकसानीच्या रकमेवर शिक्षा ठरते: वीस हजार ते लाखाच्या आत असेल तर दोन वर्षांपर्यंत, लाख किंवा त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. जबाबात कोयता होता की लाकडी दांडकं, ते काय ओरडत होते, लोकांनी दारं लावून घेतली का, हे सगळं यायला हवं. नुसतं ‘अज्ञात इसमांनी काच फोडली’ असं लिहिलं की शस्त्राची आणि दहशतीची कलमं लागत नाहीत. पकडलेली पोरं अनेकदा अठरा वर्षांच्या आतली असतात आणि लोक हताश होतात की ती सुटणारच. त्यांना पुढे करणारा मोठा कुणी असेल तर त्याच्यासाठी बाल न्याय कायद्याचं कलम ८३ आहे. सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख दंड. कोण पोरांना गाडी देतं, कुणाच्या वाढदिवसाला ती तलवारीने केक कापतात, हे गल्लीला माहीत असतं. ते जबाबात आलं तर तपासाला धागा मिळतो.

चौकीत गेल्यावर तीन शब्दांकडे डोळ्यात तेल घालून बघा. पहिला ‘गहाळ’. मोबाइल हिसकावला गेला आणि कागदावर ‘गहाळ’ आलं तर तो गुन्हाच नोंदला जात नाही. सही करण्याआधी ‘चोरी’ किंवा ‘हिसकावून नेला’ असं लिहून घ्या. (मोबाइलचा आयएमईआय *#०६# दाबून आधीच लिहून ठेवलेला असेल तर सीईआयआर या सरकारी पोर्टलवर तो बंद करता येतो.) दुसरा ‘एन. सी.’, म्हणजे अदखलपात्र. त्यात पोलीस कोर्टाच्या आदेशाशिवाय तपास करत नाहीत. तिसरा शब्द ‘किरकोळ’. हिसकावणीसाठी न्याय संहितेचं कलम ३०४ आहे, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पण ओढताना तुम्हाला ढकललं, मान खरचटली, चाकू दाखवला, तर तो जबरी चोरीचा प्रकार होतो, कलम ३०९, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. मानेवरचा ओरखडा ‘किरकोळ’ म्हणून सोडून देऊ नका, त्याचा फोटो काढा आणि वैद्यकीय तपासणी मागून घ्या.

हद्दीचा वाद झाला तर झिरो एफआयआर मागा, कुठल्याही ठाण्यात तो घ्यावा लागतो. ऑनलाइन दिलेल्या माहितीवर तीन दिवसांत जाऊन सही केली की ती नोंदली जाते. प्रत मोफत मिळते. गुन्हा घेतला नाही तर तोच मजकूर परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांना टपालाने पाठवा आणि पावती जपा. त्यानेही भागलं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. तपास कुठवर आला हे नव्वद दिवसांत तक्रारदाराला कळवणं आता पोलिसांवर बंधनकारक आहे, म्हणून जबाबावर चालू मोबाइल नंबर आहे ना ते बघा.

आणि घरातल्या सोन्याचं आजच एक काम करा. प्रत्येक दागिना पांढऱ्या कागदावर ठेवून दोन्ही बाजूंनी फोटो काढा, वजन लिहा, पावती आणि हॉलमार्कचा सहा अक्षरी ओळख क्रमांक (एचयूआयडी) असेल तर तोही लिहा, आणि हे सगळं घराबाहेर, मुलाच्या किंवा बहिणीच्या मेलवर ठेवा. चोर पकडला गेल्यावर मुद्देमालात कधी दागिना असतो, कधी वितळवलेली लगड. कोर्टातून तो परत मिळवताना ‘हा माझा’ हे दाखवावं लागतं. नुसतं ‘लग्नातलं गंठण, साधारण तीन तोळे’ एवढं सांगून तो कुणाला परत मिळत नाही.